कानाक टोचलो तर सांग

रविवारी सकाळी आमच्या घरातलं पहिलं काम म्हणजे ताटं खाली काढणं. फळीवरची स्टीलची ताटं, वाट्या, तांब्याचा हंडा, आईच्या माहेरून आलेली पितळी परात, सगळं एकेक करून खाली यायचं आणि मोरीजवळ, मध्ये मध्ये जुनं वर्तमानपत्र घालून, रचलं जायचं. बाबांनी लावलेल्या भजनाच्या कॅसेटमधल्या पखवाजाचा एक ठरावीक ठोका पडला की फळीवरचं एखादं ताट झणझणायला लागायचं आणि ते बाबांना चालत नसे. कुठलं ताट झणझणतंय ते शोधायला ते फळीवर तळहात ठेवायचे, मग एकेका ताटाच्या काठाला बोट लावत जायचे आणि चोर पकडल्यासारखं ते ताट बाजूला काढायचे. शेवटी कंटाळून त्यांनी फर्मान काढलं की सगळीच खाली. आई ताटं उतरवताना पुटपुटायची, "लोक आवाज ऐकाक घर भरतत, आमी घर रिकामां करतंव." तिचं पुटपुटणं बाबांच्या पाठीमागे चालायचं, म्हणून ते फुकट जायचं. त्यांच्या समोर येऊन बोललेलं मात्र एक अक्षर त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

घर म्हणजे घाटकोपरला टेकडीच्या उतारावर बैठ्या चाळीतली एक खोली, वर पत्रा. आम्ही तिघं. बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणणारे माग चालायचे त्या खात्यात. तिथे शंभर-दीडशे माग एकदम चालायचे, त्यामुळे माणसाला माणसाचं बोलणं ऐकू जायचं नाही. मग ती माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायची, हातांच्या खुणा करायची, आणि पन्नास फुटांवरच्या दोस्ताला जेवणाचा डबा उघडायला बोलवायची. बाबांनी ती भाषा घरीही आणली होती. आई त्यात इतकी तयार झाली होती की त्या दोघांची भांडणं बिनआवाजाची व्हायची. मी अभ्यास करत बसलेली असायची, माझ्या डोक्यावरून आईबाबांचे ओठ आणि हात चालू असायचे, आणि मान वर केली की दोघं गप्प. मला वाटायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू नये म्हणून किती सोयीचं आहे हे. मीही ती भाषा शिकले, कारण भांडण कशावरून चाललंय हे न कळणं मला कधीच सोसलेलं नाही.

मग संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. त्याबद्दल लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मी आणखी काय लिहू. मला आठवतं ते एवढंच की बाबा घरात बसायला लागले. दाराशी स्टूल टाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. आई तेव्हा दोन घरी स्वयंपाकाला जायची आणि जाताना मला ओठांनी सांगायची, "त्येंच्याशी बोल गो जरा." काय बोलायचं? सतरा वर्षांच्या मुलीने बापाशी बोलावं असं आमच्यात काही नव्हतं. एक दिवस त्यांचा एक सुतार मित्र प्लायवूडचे उरलेले तुकडे घेऊन आला आणि म्हणाला की रेडिओला एक डबा करून दे, तुझा हात चांगला आहे. तो डबा झाला आणि बाबा स्टुलावरून उठले. नंतर त्यांनी लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून जुने स्पीकर आणले, एक मोठा आणि एक चिमुकला अशा दोन जोड्या. मोठ्यातून पखवाज, चिमुकल्यातून झांज. झांजेवर त्यांचा फार जीव. गिरणीच्या भजनी मंडळात वीस वर्षं ते झांज वाजवत होते आणि त्या मंडळाची एक कॅसेट कुणीतरी भरून ठेवली होती. त्या कॅसेटवर बाबांचीच झांज होती. घरात वाजायची ती हीच कॅसेट, दुसरी नाही.

डबे झाले तेव्हा आम्हाला वाटलं, झालं. आई तर नारळ फोडून मोकळी झाली. पण खरी गंमत पुढेच होती. बाबांनी डबे भिंतीला टेकवून ठेवले तर पखवाज नुसता घुमायचा, पिंपात बसून वाजवल्यासारखा. कोपऱ्यात ठेवले तर त्याहून वाईट. म्हणून ते डबे भिंतीपासून पुढे सरकायला लागले. या रविवारी वीतभर, पुढच्या रविवारी आणखी वीतभर, असं करत करत खोलीच्या मध्यापर्यंत आले. आई चुलीकडे तिरकी चालत जायची. मग पत्र्याचा निनाद होतो म्हणून आढ्याला गोणपाट बांधले. समोरच्या भिंतीवरून आवाज उलटा येतो म्हणून खुर्चीच्या मागे दोन गोधड्या टांगल्या. त्यातली एक माझ्या आजीने शिवलेली, ती खिळ्यांना टांगली म्हणून आई दोन दिवस धुसफुसत होती. डब्यांच्या खाली विटा, विटांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे. मग सुतळी घेऊन बाबा माप घ्यायचे: या डब्यापासून त्या डब्यापर्यंत जितकं अंतर, तितकंच दोन्ही डब्यांपासून खुर्चीपर्यंत. सुतळी ताणून तिन्ही टोकं जुळली की ते खूश व्हायचे. म्हणायचे, असं केलं की भजनी बुवा दोन डब्यांच्या बरोबर मधे येऊन बसतो. आणि खरंच बसायचा हो! डोळे मिटले की बुवा समोर, पखवाज माझ्या डावीकडे, आणि उजवीकडे, जरा मागे, माझे बाबा. आज माझ्या मुलीच्या घरी टीव्हीखाली एक लांबोडकं नळकांडं आहे, त्यातून विमानं जातात, पाऊस पडतो, सगळं होतं, पण त्यातून कुणी माझ्यासमोर येऊन बसलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

त्या खुर्चीवर मात्र बाबा कधी बसत नसत. तिथे मी बसायची. प्रत्येक डब्याच्या पाठीवर एक बटण होतं. ते फिरवलं की चिमुकल्या स्पीकरचा, म्हणजे झांजेचा, आवाज कमीजास्त व्हायचा. बाबा डब्यामागे उकिडवे बसायचे, एक हात बटणावर, एक हात डब्याच्या लाकडावर, आणि नजर माझ्या तोंडावर. बटण केसभर फिरवायचे आणि विचारायचे, "कसो वाटता गो?" मी म्हणायची, "झकास." परत केसभर. "आता?" "झकास, बाबा." आणि दर वेळी एक वाक्य ठरलेलं: "कानाक टोचलो तर सांग हां." मला ते वाक्य जेवायला वाढताना 'पुरे म्हण हां' म्हणतात तसं वाटायचं. म्हणणाऱ्याने म्हणायचं असतं, ऐकणाऱ्याने पुरे म्हणायचं नसतं.

पहिल्या रविवारी मी झकास म्हणाले ते खरं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारीही खरंच असेल. पण नंतर झांज टोचायला लागली. आधी जराशी, मग चांगलीच. दाताखाली खडा यावा तशी अंगावर शिरशिरी यायची. मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं एक उत्तर मी अनेक वर्षं स्वतःला देत आले: कितीतरी महिन्यांनी त्या माणसाच्या तोंडावर काहीतरी फुललेलं होतं, ते मला विझवायचं नव्हतं. ते खोटं नाही. पण आता या वयात झाकून काय करायचंय, दुसरंही उत्तर होतं. बाहेर मैत्रिणी थांबलेल्या असायच्या, आणि झकास म्हटलं की खुर्चीवरून लवकर सुटका व्हायची. दया आणि कंटाळा यांची माझ्यात इतकी बेमालूम खिचडी झाली होती की कुठला दाणा कशाचा हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

त्यांना झांज ऐकू येत नाही हे मला कळलं ते कुकरमुळे. बाबा कुकरच्या शेजारी उभे होते, माझ्याकडे पाठ करून. कुकरने अशी शिट्टी दिली की मी दचकले, आणि बाबांची मान हललीसुद्धा नाही. मग मी मागून हळूच हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग सगळं एकदम ध्यानात आलं: ताटांना बोट लावणं, माझ्या तोंडाकडे बघणं, हाक मारल्यावर 'ओ' न देणं, ज्याला आई 'ताठो' म्हणायची. मी आईला सांगितलं. तिने कणीक मळता मळता नुसते ओठ हलवले, "साचेखात्यातलो खयचो माणूस ऐकता? गप रव." झाकली मूठ सव्वा लाखाची, असा आमच्या घरचा कारभार. मला वाटलं, हे आईला ठाऊक आहे, आता मलाही ठाऊक झालं, फक्त बाबांना ठाऊक नाही. आणि त्यांना ते कधीच कळू द्यायचं नाही, असं मी मोठ्या शहाणपणाने ठरवलं.

म्हणून मी कापूस लावला. डब्याच्या तोंडावर कापड ताणलेली चौकट होती, ओढली की निघायची. बाबा बाजारात गेले असताना मी चौकट काढून चिमुकल्या स्पीकरवर चिंधीत गुंडाळलेला कापसाचा बोळा बसवला आणि चौकट परत लावली. आवाज गोड झाला. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू! पण बाबांना जी काही झांज कुठेतरी पुसट लागत असेल तीही गेली असणार, कारण पुढच्या रविवारी त्यांनी बटण आणखी फिरवलं. मी आणखी कापूस घातला. त्यांनी आणखी फिरवलं. आमचा हा खेळ पावसाळाभर चालला होता आणि खेळतेय एकटी मीच, असा माझा समज होता.

आवाजाची ख्याती मात्र पसरली. सुतार मित्राने चेंबूरच्या एका गृहस्थांकडे कपाटाचं काम केलं होतं, त्यांना तो बाबांबद्दल बोलला. हे गुप्ते. फोर्टात मोठ्या कचेरीत होते आणि त्यांच्या घरात एक खोली फक्त गाणं ऐकण्यासाठी होती. आईने हे ऐकलं तेव्हा ती खरोखर चिंतेत पडली. "आणि झोपतत खय ते?" तिने विचारलं. गुप्त्यांना डब्यांची जोडी करून हवी होती, आणि त्यांची चार-पाच मित्रांची मंडळी होती, आवाज आवडला तर सगळ्यांकडे काम मिळालं असतं. रविवारी ते ऐकायला येणार होते. त्याच आठवड्यात माझ्या मामाने बाबांसाठी एका सोसायटीत वॉचमनची जागा बघून ठेवली होती. बाबा मामाला म्हणाले, "आयतवारापर्यंत थांब. आयतवारी माका कळतलां, मी कारागीर की वॉचमन." हसत म्हणाले, पण मामा हसला नाही, आणि मीही नाही.

त्या रविवारी आईने घावणे केले आणि सोबत गूळ घातलेला नारळाचा रस. एरवीच्या रविवारी बांगडे असायचे, पण पाहुणा काय खातो काय नाही कुणास ठाऊक, म्हणून घराला त्या दिवशी नुसता नारळ आणि वेलचीचा वास होता. ताटं खाली गेली. बाबांनी गिरणीच्या बक्षिसाचा पांढरा शर्ट घातला. गुप्ते आले, दाराशी चपला काढून आत वाकून शिरले, आढ्याचे गोणपाट, भिंतीवरच्या गोधड्या, विटा, ट्यूबचे तुकडे, सगळं बघितलं आणि म्हणाले, "अहो, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं? मी पुस्तकं वाचून चार वर्षांत इथवर आलोय." बाबांनी ते त्यांच्या ओठांवरून वाचलं आणि लहान मुलासारखे लाजले. मग काम दाखवावं म्हणून त्यांनी डब्याची चौकट ओढून काढली.

बोळा खाली पडला. पांढरा, माझ्या जुन्या फ्रॉकच्या चिंधीतला. बाबांनी तो उचलला, चिंधी निरखून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या डब्याची चौकट काढली, तिथलाही काढला. दोन्ही बोळे त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवले आणि कॅसेट लावली.

बटणं शेवटाला होती. मधे कापूस नव्हता. भजन सुरू झालं, पखवाज आला, अगदी हवा तसा आला, आणि मग झांज आली. गुप्त्यांचा हात आपोआप कानाकडे गेला. बिचारे सभ्य माणूस, त्यांनी तो केसांवरून फिरवल्यासारखं केलं. "जरा... वरचं जास्त होतंय का?" ते म्हणाले. बाबा माझ्याकडे वळले. पाहुण्यादेखत, डब्यावर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, "बरो हा मा गो? टोचणा नाय मा?" त्यांच्या खिशात माझा कापूस होता. ते मला विचारत नव्हते, मला वाट करून देत होते. हे आज कळतं. तेव्हा मी म्हणाले, "नाही बाबा. झकास आहे."

बाबा कॅसेट बंद करायला खाली वाकले. मला वाटलं, अजून वाचवता येईल. मी बाबांकडे पाठ केली, म्हणजे माझे ओठ त्यांना दिसणार नाहीत, आणि गुप्त्यांच्या अगदी जवळ जाऊन पुटपुटले, "काका, त्यांना झांज ऐकूच येत नाही. त्यांना सांगू नका ना, प्लीज. तुम्ही जोडी घ्या, मी गुपचूप बरोबर करून देईन." मी सगळा विचार केला होता. फक्त एवढा केला नव्हता की गुप्त्यांचं तोंड बाबांकडे आहे. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि धक्का बसलेला माणूस बोलतो तसे एकेक शब्द सावकाश बोलले, "म्हणजे? यांना ऐकू येत नाही?" मी मागे वळले तेव्हा बाबा ताठ उभे होते आणि गुप्त्यांच्या ओठांकडे बघत होते.

गुप्ते वाईट नव्हते. त्यांनी घावणे खाल्ले, आईला रसाची कृती विचारली, लाकडाच्या जोडांची स्तुती केली. जाताना म्हणाले, "तुमचे हात आणि मुलीचे कान, असं केलंत तर मी आजही जोडी घ्यायला तयार आहे." बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "नाय साहेब. ह्या जमाचा नाय." ते उतारावरून खाली दिसेनासे होईपर्यंत बाबा दारात उभे होते.

मग त्यांनी आत येऊन खिशातले बोळे काढून माझ्या हातावर ठेवले. मी रडायला लागले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, बाबा. तुम्हाला कळू नये म्हणून." ते माझ्यासमोर उकिडवे बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "माका ऐकाक येणा नाय, ता काय माका म्हायत नाय? वर्सां झाली. म्हणान तर तुका त्या खुर्चेर बसवलंय. माझे कान गेले, पण पोरीचे आसत, असां म्हणालंय. तू बरो म्हणालंस काय मी फुडे सरकलंय. तू थांब म्हणतलंस म्हणान वाट बघी होतंय."

माझ्या हातातला कापूस खाली पडला. म्हणजे ते त्या सगळ्या रविवारी माझ्या तोंडाकडे बघत होते ते शाबासकीसाठी नव्हे. ते माझ्या कानांनी ऐकत होते. आणि मी त्यांना इतके महिने खोटं ऐकवत होते. त्यांच्या अभिमानाला जपतेय असं मला वाटत होतं, आणि त्यांनी तर तो कधीच बाजूला ठेवून माझ्या हातात स्वतःला सोपवलं होतं. आईला हे सगळं सांगायला हवं होतं त्यांनी, किंवा मला तरी सरळ म्हणायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. वीस वर्षं झांज वाजवलेल्या माणसाने 'मला झांज ऐकू येत नाही' हे तोंडाने कसं म्हणावं? कानाक टोचलो तर सांग, हेच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी मला शंभर वेळा म्हटलं होतं.

मी उठले. डोळे पुसत डब्यांच्या मागे गेले, दोन्ही बटणं मागे फिरवली, पार पाव हिश्शावर आणली. कॅसेट उलटी फिरवून परत लावली आणि धावत खुर्चीवर जाऊन बसले. उजवीकडची झांज जरा पुढे येत होती, उठून ती केसभर कमी केली. परत बसले. आणि आवाज लागला. मी खोटं का सांगू, तसा आवाज मी नंतर कुठेही ऐकला नाही. बुवा समोर बसला, त्याने दम घेतला तो ऐकू आला, पखवाजावर मधल्या काळ्या शाईचा आणि कडेचा बोल वेगळा आला, आणि मागून, उजवीकडून, कुणाला न टोचता, झांज. प्रत्येक घावानंतर तिची ती लांबत जाणारी, बारीक होत जाणारी कंपनं. माझे बाबा इतकं सुंदर वाजवायचे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"बाबा, लागला!" मी ओरडले. मग मला आठवलं की ओरडून उपयोग नाही, म्हणून त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "बाबा, बरोबर लागलाय. खरंच. आईशप्पथ. तुमची झांज काय सुंदर वाजतेय." त्यांनी माझे ओठ शेवटपर्यंत वाचले. मग डब्यावर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि काढून घेतला.

"आता तू खरां सांगतंस काय माझां मन राखतंस," ते म्हणाले, "ता माका कळतलां कसां गो?"

रागाने नाही. खरोखर विचारत होते. कॅसेट चालू होती. बाबा वळले, मोरीजवळ गेले, आणि झांज वाजत असतानाच एकेक ताट उचलून परत फळीवर लावायला लागले.